शैलाची चिठ्ठी मी वाचली नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, देवापाशीही नाही — देवापुढं उभी राहिले की घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर? बघा, हे लगेच मनात आलंच. माझा स्वभावच संशयी. मेडिकलवाल्यानं पाकीट बदलून दिलं की मी तीनतीनदा तारीख बघते. डॉक्टर हसून बोलला की मला वाटतं, रिपोर्टात काहीतरी वाईट निघालंय. आता वय सत्तरीला टेकलंय, ब्लडप्रेशर आहे, साखर काठावर आहे, संशय मात्र ठणठणीत आहे.

मी नर्स होते. बेंबळीच्या पुढं एका गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं, तिथं बारा वर्षं काढली. गावाचं नाव सांगत नाही. लसीकरण, बाळंतपणं, गोळ्या वाटणं — आणि मधल्या रिकाम्या वेळात कादंबऱ्या. प्रेमाच्या. धाराशिवला — तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो — स्टँडजवळ जुनी पुस्तकं मिळायची, त्यातल्या निवडून आणायची. पोलिओची उरलेली पोस्टरं उलटी करून त्यांना कव्हरं घालायची, म्हणजे टेबलावर पडली तरी सरकारी वाटावीत. आणि खरं सांगू? शेवटचं पान मी आधी वाचायची. कोण कुणाला फसवतंय हे कळल्याशिवाय मला चैनच पडायचं नाही.

माझे मालक लग्नानंतर चौथ्या वर्षी वारले. मूलबाळ नाही. त्या पुस्तकांतलं माझ्या वाट्याला काही आलं नाही. सबब म्हणून सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतेय.

त्या गावात शैला होती. एका खाऊनपिऊन सुखी घरातली धाकटी सून, चोविशीची. नवरा पुण्याला कंपनीत, दिवाळीला यायचा. शैला दिसायला देखणी, आणि हसायची — इतकं मोकळं, की बघणाऱ्याला वाटावं, हिला कशाचं एवढं सुख? ती माझ्याकडची पुस्तकं न्यायची. त्या पोस्टरांच्या कव्हरात काय आहे हे अख्ख्या गावात तिलाच माहीत होतं. वाचून आणून दिलं की आम्ही दोघी पायरीवर बसून नायकाला नावं ठेवायचो. मला ती आवडायची. हेही खरंच आहे.

मग एक दिवस ती पाळणा लांबवायच्या गोळ्या मागायला आली. आमचा आरोग्यसेवक, पुरुषमाणूस, तिथंच बसून रजिस्टर लिहीत होता. तिनं मान खाली घातली, एक चिठ्ठी पुढं केली आणि पुटपुटली, "उस्मानाबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." मी चिठ्ठी उघडलीच नाही. तशीच तिच्या हातात परत दिली आणि डोळे मिचकावून हसले — असू दे गं, मला नको सांगूस. नवरा पुण्यात, आणि हिला दर महिन्याला गोळ्या! मला काय कळायचं ते कळलं होतं. भज्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी बाई मी — त्या दोन-तीन ओळी का वाचल्या नाहीत? वाचल्या असत्या तर माझी गोष्ट तिथंच संपली असती, म्हणून.

पुढचे दोन महिने मी पाळत ठेवली. कोण असेल तो? दूध घालणारा? शाळेतला नवा मास्तर? घरोघर फिरताना मी मुद्दाम त्यांच्या दारावरनं जायची. मास्तर तिच्याकडं बघून हसला की मी मनात टिपून ठेवायची. मास्तर सगळ्यांकडंच बघून हसायचा. ते मला दिसत होतं, पण मला ते नको होतं.

आता ते वाक्य. मघापासून मी त्याच्याभोवतीच घुटमळतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. शैलाची थोरली जाऊ मंगल, तिच्या बाळाला डोस द्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. सासूनं चहा टाकला. धाकटी सारखी पुस्तकात डोकं घालून बसते म्हणून कुरकुरली. आणि मी कपात बघत म्हणाले — "पोरगा दिवाळीला येतो ना तुमचा? मग हिला महिन्याच्या महिन्याला गोळ्या कशाला लागतात, तेवढं बघा."

वर सासूला आई तुळजाभवानीची आण घातली, की माझं नाव कुठं घ्यायचं नाही. तिनं ती आण पाळली. मरेपर्यंत पाळली.

का बोलले मी? त्या घराच्या अब्रूची काळजी होती का? छे. मत्सर होता — मी जे नुसतं वाचत होते ते हिला खरंखुरं मिळतंय म्हणून. आणि पुढं काय होतंय ते बघायचं होतं. एवढंच.

आठ दिवसांत शैलाचा भाऊ येऊन तिला जळकोटला माहेरी घेऊन गेला. चिठ्ठी तिनं सगळ्यांना दाखवली म्हणे. सासरा म्हणाला, "कागद काय, कुनीबी लिहून देतंय." नवरा पुण्याहून आला, पण तिला भेटलासुद्धा नाही. वर्षाच्या आत फारकत झाली.

ती माहेरी गेल्यावर चौथ्या दिवशी मंगल उपकेंद्रात आली. हातात तीच चिठ्ठी होती. "सिस्टर, शैलाला वाटतंय म्याच चुगली केली. दवाखान्यात तिच्यासंगं म्याच गेल्ते न्हवं. सासूबाई तर कुनाचं नावच घेईनात. तुमी सांगा की ओ तिला, तुमचं ऐकंल ती. आन् ह्या गोळ्या कशाच्या, ते बी आमच्या घरी येऊन सांगा."

तेव्हा मी चिठ्ठी वाचली. पाळीत अंगावरून फार जातंय, रक्त कमी झालंय, या गोळ्या तीन महिने द्याव्यात. बस्स. अशा त्रासावर याच गोळ्या देतात हे मला शिकवलेलं होतं. दोघीतिघींना मी स्वतः दिल्याही होत्या.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही. घरच्या भांडणात सरकारी माणूस पडत नसतो." चिठ्ठीची घडी घालून मंगलला परत दिली. ती उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली, माझ्याकडं बघत. तिला संशय आला होता का? मला वाटतं, आला होता. पण सिस्टरचं नाव घ्यायची हिंमत ती कुठून आणणार? आणि घेतलं असतं तरी मी तिला खोटं पाडलं असतं, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं.

पुढं मीच जळकोटला गेले. भावाला समजावलं, नर्सिंगचा फॉर्म आणून भरला, शैलाला शिकायला पाठवलं. लोक म्हणाले, सिस्टरनं पोरीचं आयुष्य उभं केलं. मी ऐकून घेतलं, आणि ऐकायला गोडही लागलं. याची त्याच्याशी फिटंफाट झाली असं मात्र तुम्ही धरू नका.

आता शैला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी धाराशिवला एकटी असते. ती रविवारी येते, माझं ब्लडप्रेशर बघते, गोळ्या देते, एखादी कादंबरीही आणते. तिनं दिलेली गोळी मी उलटीपालटी करून बघते. एकदा तर मेडिकलमध्ये नेऊन विचारून आले. हिला कळलं तर नसेल? मग ही एवढी माया कशासाठी करते? तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचाच विचार करत मी ती गोळी गिळते.

मंगलशी मात्र ती इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नाही. मंगलनं दोनदा निरोप पाठवला. पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तीसुद्धा शैलानं माझ्यासमोर न उघडता बाजूला ठेवली. मी चहा गाळत राहिले.

मागच्या रविवारी माझ्या दंडाला पट्टा बांधता बांधता ती म्हणाली, "मंगल गेली, सिस्टर. बुधवारी. किडन्या खराब झाल्या होत्या म्हणं. शेवटी शेवटी माझंच नाव घेत होती, शैलाला बोलवा म्हणून." मग हवा भरायची थांबली. "म्या न्हाय गेले. तुमी सांगा — जायाला पायजे होतं का?"

ती खरोखर विचारत होती. काट्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणाले, "बरं केलंस, नाही गेलीस ते."

तिनं मान हलवली आणि हवा भरली. ब्लडप्रेशर नेहमीएवढंच निघालं.