पुसण्याची वही

कॉपी पूर्ण झाली असं कॉम्प्युटरनं दाखवलं, की अप्पा म्हणायचे, "ते सांगतंय. झालीय का बघ." मग मी फोल्डर उघडून पहिला, मधला आणि शेवटचा फोटो मोठा करून दाखवायचे. तरीही त्यांचा चेहरा सैल पडत नसे. सोलापुरात साखर पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत मी सात वर्षं अल्बमचं काम केलं. तेवढ्या काळात त्यांनी कोणावर पटकन विश्वास ठेवलेला मला आठवत नाही.

आमची खरी भांडणं जागेवरून होत. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो, वर व्हिडिओ. सीझनमध्ये हार्ड डिस्क आठवड्याला भरायची. आदल्या दिवशी जागा होती आणि आज नाही, म्हटलं की अप्पा माझ्याकडे बघायचे. "तुझ्या भाच्याचं बारसं टाकलंस काय की हितं?" मी नाही म्हणायचे. मी जेवायला गेले की ते शोधून बघायचे, हे मला ठाऊक होतं.

पुसण्यासाठी त्यांनी एक वही केली होती. कोणतं लग्न पुसलं, अल्बम कोण घेऊन गेलं, ते लिहायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. एकट्यानं काही पुसायचं नाही. शिवाय फोटो दोन डिस्कवर गेल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं नाही. "एका जागी असलेला फोटो म्हणजे नसलेलाच," असं ते म्हणत.

असं असूनही एका मे महिन्यात माढ्याच्या शिंद्यांचं लग्न आमच्याकडून नाहीसं झालं.

मी सोमवारी अल्बम करायला बसले तर फोल्डरच नाही. दुसऱ्या डिस्कवर नाही, कार्डांवर पुढच्या लग्नाचे फोटो. वहीत नोंद नाही. अप्पांनी दार लोटलं आणि शांतपणे विचारलं, "शनिवारी जाताना तू काय पुसलंस?"

"काहीच नाही, अप्पा."

"मग रविवारी कुठं होतीस?"

मी वेळापूरला बहिणीकडे होते. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "तुझ्या मालकांनी विचारलं, ती खरंच आली होती का म्हणून. काय केलंस गं?" पाठोपाठ माझ्याही मनात आलं, की यांची पुतणी नुकतीच अल्बम करण्याचा कोर्स शिकून आलीय. मला काढायला यांनीच तर हे केलं नसेल? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकाच खोलीत एकमेकांवर नजर ठेवून बसलो होतो.

पुसलेल्या फायली शोधण्याचं एक सॉफ्टवेअर मी लावलं. दिवसभर ते चाललं. अर्ध्याहून कमी फोटो परत आले. हळदीचे, जेवणावळीचे. अक्षतांचे, सप्तपदीचे गेलेच, कारण त्या जागेवर नवं लग्न येऊन बसलं होतं. मात्र यादीत पुसल्याची वेळ दिसत होती. रविवार, दुपारी सव्वाबारा. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

अप्पांनी ती वेळ वाचली. मग चष्मा काढून खाली ठेवला. "बार्शीच्या शिंद्यांचं पुसायचं होतं," ते हळूच म्हणाले. "दोन्ही डिस्कवरची जागा संपली होती. पुढचं लग्न उभं होतं. कार्डंबी घाईत रिकामी केली. यप्पा, मीच की."

माढ्याला जाताना एसटीत मी सुचवलं, "डिस्क खराब झाली म्हणू या. रोज कुठं ना कुठं होतंच." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळ्यांवर घेतलाय मी संशय. पण खोटा आळ मुद्दाम कुणावर घातला न्हाय. आता डिस्कवर घालू?"

नवरी माहेरी आलेली होती. अप्पांनी उभ्यानंच सांगितलं. तिचे वडील सुन्न झाले. त्यांनीच विचारलं, "मशीन बिघडलं व्हय?"

"न्हाय. मशीन चांगलं हाय. मी पुसलं."

त्यानंतर वडील जे बोलले ते अप्पांनी मान खाली घालून ऐकलं. मुलीनं एवढंच विचारलं, "अक्षता पडतानाचा एकबी न्हाय?" "न्हाय," अप्पा म्हणाले.

पुढचा महिनाभर ते त्या लग्नाच्या पाहुण्यांना एकेक करून फोन लावत होते, मोबाईलवरचे फोटो मागत होते. धुरकट, तिरके, कोणाच्या तरी डोक्यामागून काढलेले. त्यांचाच आम्ही अल्बम केला आणि अप्पा तो स्वतः नेऊन देऊन आले. घरच्यांनी ठेवून घेतला, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

त्या दिवशी माढ्याहून एसटीनं परत येताना मात्र ते अचानक म्हणाले होते, "तुझ्यावर आळ घेतला, त्याचं काय करू?"

मी म्हटलं, "मीही घेतला होता. वाटलं, पुतणीसाठी मला काढताय."

ते माझ्याकडे वळले. वाटलं, आता चिडणार. पण ते हसले, सात वर्षांत पहिल्यांदा इतके मोकळे. "मग शिकलीस की!"

कॉम्प्युटरचा पासवर्ड रोज सकाळी ते स्वतःच टाकायचे; दुसऱ्या दिवशी तो त्यांनी मला कानात सांगितला. त्यांच्या दिवंगत आईचं नाव होतं ते. अप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली, स्टुडिओही बंद झाला. ते नाव मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.