शमीमभाभींची मडम

दोन हजार तीनचा नोव्हेंबर असावा, वार गुरुवार. शारजात अल नहदाला आमच्या खिडकीतून दुबईचे टॉवर धुरळ्यात तरंगताना दिसत होते... आणि दारात शमीमभाभी उभ्या, खांद्याला तपकिरी बॅग.

भाभी वरच्या मजल्यावरच्या, मूळ रत्नागिरीच्या. "वहिनी, हात लावून बघा. ओरिजिनल! चॅरिटीच्या दुकानात चाळीस दिरहमला मिळाली... म्हणजे आपले पाचशेच की हो!"

हात लावायची गरज नव्हती. ती बॅग माझीच होती.

आमच्या ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला दुबईच्या करामा बाजारातल्या एका दुकानाच्या आतल्या खोलीतून आणलेली, बड्या फ्रेंच कंपनीची नक्कल. माझी उंची बेताची, म्हणून बाल्कनीत बसून पट्ट्याला खिळ्याने एक जादा भोक पाडलं... तेही वाकडं. मला तेव्हा स्वतःच्या अभिरुचीबद्दल बरेच गैरसमज होते. नकली वस्तू मिरवायची लाज वाटायची, म्हणून जुन्या कपड्यांच्या गोणीत घालून बॅग चॅरिटीला दिली, आणि ह्यांना सांगितलं, कपाटात जपून ठेवलीये.

तिकडच्या आपल्या बायकांचा एक पक्का सिद्धांत होता. करामातली बॅग नकली, चॅरिटीतली अस्सल... कारण तिथे जुन्या वस्तू गोऱ्या मडमा देतात, आणि मडमा नकली वापरतच नाहीत!

भाभी सोफ्यावर टेकल्या आणि त्या मडमचं आयुष्य रंगवू लागल्या. जुमेराला व्हिला, दारावर बोगनवेल, पॅरिसच्या विमानात मांडीवर ही बॅग... "उंच असणार हो. डोळे निळे."

एसी घुमत होता, पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं, आणि मी, पाच फुटांना दोन इंच कमी, स्वतःचं चरित्र ऐकत होते. इतकं सुंदर होतं, की मध्येच तोडवेना. क्षणभर मलाही ते विमान दिसलं...

पण पुढच्या महिन्यात भाभींच्या लेकीची मंगनी होती, आणि ही बॅग विहीणबाईंसमोर जाणार होती. सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलं... आणि दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली. गुरुवार म्हणजे ह्यांचा हाफ डे, हे मी साफ विसरले होते.

ह्यांनी बॅग पाहिली. मग ते वाकडं भोक. मग मला.

"भाऊ, मडमची आहे," भाभी म्हणाल्या. "पण इतकी छान वस्तू बाईला टाकवते कशी?"

हे बूट काढायला वाकले. बराच वेळ लेस सोडत राहिले.

"टाकली नसेल भाभी. तिला शोभत नसेल... तुम्हाला शोभते. मंगनीला हीच न्या."

भाभी तरंगतच वर गेल्या. हे म्हणाले, "चहा टाकतेस?" बस्स. खलास. मी चहात साखर दोनदा घातली आणि ह्यांनी तो मुकाट प्यायला.

मंगनी थाटात झाली. फोटोत नवरीमुलीच्याही पुढे बॅग आहे.

दुसऱ्यांचा मुलामा खरवडून काढायची मला भारी हौस. पण माझा निघाला, त्या दुपारी एका माणसाने माझं उघडं पडलेलं खोटं वाकून, लेस सोडता सोडता झाकलं, आणि इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नाही. आमचे हे माझी ही कबुली आता इथेच वाचतील... समोर बसून सॉरी म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.