अडतीस हरवलेले संदर्भ

घाई कशाशी खातात हे शालिग्राम सरांना ठाऊकच नव्हतं. देवपुरातल्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं, त्याला अकरा वर्षं झाली. विषय घरचाच होता: पांझरेकाठची फड पद्धत. बंधाऱ्याचं पाणी पाटानं आणायचं, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, साऱ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते पाटकऱ्यानं बघायचं. सरांचे वडील रुपचंद साक्रीकडच्या एका गावात पाटकरी होते. त्यामुळे हा अभ्यास सरांनी पुस्तकाआधी चिखलात केला होता.

तर असा हा प्रबंध विद्यापीठानं परत धाडला. मजकुरात उल्लेख आहे पण संदर्भसूचीत नोंद नाही, असे अडतीस संदर्भ निघाले होते. सोमवारपर्यंत दुरुस्ती करून द्या, नाहीतर नोंदणी रद्द, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली, तिसऱ्यांदा कोण देणार?

सरांनी चार दिवस लॅपटॉप उपसला. संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी मोठ्या हौसेनं घेतलं होतं आणि पुस्तकं, कात्रणं, मुलाखती, सगळं त्यात भरलं होतं. आता ‘प’खाली बघावं तर सारा शुकशुकाट. पाटलांच्या मुलखावरचा प्रबंध, आणि सूचीत औषधाला एक पाटील नाही. आपलंच बोट कुठल्या तरी भलत्या बटणावर पडलं आणि अकरा वर्षांची कमाई पुसली गेली, अशी त्यांची खात्री झाली. घशाखाली घास उतरेना.

शनिवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि जळगावची एसटी धरली. तिथल्या एका कॉलेजात डिंपल ग्रंथपाल होती. मूळची पाचोऱ्याची, एका चर्चासत्रात ओळख झालेली, आणि असल्या कामात तिचा हात बसलेला.

डिंपलनं प्रबंध एका बाजूला ठेवला, सरांचा संग्रह दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही ताडून बघणारं साधन चालवलं. बेपत्ता अडतीसच निघाले. सरांनी डोळे मिटले. तिनं मात्र उलटी यादीही काढली: संग्रहात आहेत, पण प्रबंधात ज्यांचा उल्लेखच सापडत नाही अशा नोंदी. ती वाचता वाचता तिला हसू आवरेना.

“सर, हे आबा घराणं कुठलं? आबा, तोताराम. आबा, भिकन. असे कितीतरी आबा, पुढे सात नाना आणि चार अक्का आहेत.”

“तोताराम आबा,” सर म्हणाले. “ब्याऐंशी वरीसना मानूस शे तो. नुसतं तोताराम कसं लिखू?”

“आडनाव?”

“आडनाव काय लिखानं? आमना गावमा बठ्ठा पाटीलच.”

खरंच होतं ते. गावात पाटील म्हणून हाक मारली तर निम्मी आळी वळून बघते. म्हणून सरांनी संग्रहात माणसं गावाच्या रीतीनं मांडली, आणि प्रबंधात मात्र नियमाला धरून आडनावं लिहिली. यंत्राला कुठे रीतभात? त्यानं शेवटचा शब्द दिसला की तेच आडनाव धरलं आणि साऱ्या वडीलधाऱ्यांना ‘अ’, ‘आ’ आणि ‘न’खाली नेऊन बसवलं. काहीही पुसलं गेलं नव्हतं. सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

दुपारी तीनपर्यंत सदतीस जण आपापल्या जागी आले. एक मात्र काही केल्या सापडेना: पाटील, १९९९. नेमका तिसरा अध्याय त्याच्यावर उभा होता. पाणी आटलं त्या वर्षी पाटकऱ्यानं पाळी उलटी फिरवली आणि पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी दिलं, ही हकिगत. आधार नाही तर ती नुसती ऐकीव गोष्ट. हे लिहिलं कोणी, तेही सरांना आठवेना.

मग डिंपलनं फोटोतली अक्षरंही वाचणारं साधन लावलं आणि ‘टोकाचं शेत आधी’ एवढेच शब्द शोधायला दिले. साऱ्या फायली चाळून त्यानं एक पिवळट कात्रण पुढे केलं. स्थानिक वर्तमानपत्रातला, अर्ध्या रकान्याचा मजकूर.

“नोंद आहे की, सर. पण लेखकाच्या जागी काय लिहिलंय बघा.”

सरांनी चष्मा पुसून बघितलं. तिथे लिहिलं होतं: मी.

वडील गेले त्या वर्षी सत्तावीस वर्षांच्या शालिग्रामनं ते लिहून पाठवलं होतं. पाळी उलटी फिरवणारा पाटकरी म्हणजे रुपचंदच. पुढे नोंद करताना सगळ्यांना मान दिला, पण स्वतःला काय म्हणावं ते न सुचल्यामुळे ‘मी’ लिहून मोकळे झाले होते. आणि नंतर विसरलेही.

“सर, तुम्हीसुद्धा पाटीलच ना?” डिंपल म्हणाली आणि तिनं पुरं नाव घातलं. साधन पुन्हा चालवलं. बेपत्ता: शून्य.

कागद छापून आला. सरांचं बोट ‘प’वरून हळूहळू खाली सरकलं. पाटील तोताराम, पाटील भिकन, आणि त्यांच्याखाली पाटील शालिग्राम रुपचंद. बोट रुपचंदवर थांबलं.

“मना बाप बी यादीमा उना,” सर म्हणाले, आणि डिंपलच्या टेबलाशी बसून खुशाल रडले.