थर्मामीटरची कोरडी चिंधी

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही पुरती सांगितलेली नाही. तिच्यात मी खोटं बोललो, एका भल्या माणसाची मेहनत वाया घालवली, आणि तरीही तिची आठवण आली की मला हसू येतं. हसू येतं याचीही थोडी लाज वाटते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात, नंदनवनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. शाळेच्या अंगणात मी हट्टाने एक पांढरी, फटींची लाकडी पेटी उभी करून घेतली होती. तिच्यात दोन थर्मामीटर टांगलेले. एक साधा. दुसऱ्याच्या खालच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत. चिंधीतलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणून हा दुसरा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि दोघांतला फरक वाढतो. तो फरक तक्त्यात पाहिला की हवेत किती ओल आहे ते शेकड्यात कळतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण इथे आकड्यात येतं.

रोज दुपारी तीन वाजता मी नोंद घ्यायचो आणि फाटकाबाहेरच्या फळ्यावर लिहायचो. वाचणारे थोडेच. पण समोरच्या घरात एक विणकर राहत, ते तो फळा रोज वाचत. चिंधीही त्यांनीच दिली होती, स्वतःच्या मागावरची.

त्यांना त्या आकड्याची खरीच गरज होती. कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होतो, मागावर ताणला की तटकन तुटतो. म्हणूनच माग खड्ड्यात बसवतात, जमिनीची ओल सुताला मिळावी म्हणून. तरीही उन्हाळ्यात बारीक सूत सहसा कुणी लावत नाही. पण त्यांच्या मुलीचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं आणि बापाच्या हातची बारीक सुताची साडी नेसूनच बोहल्यावर चढणार, असं ती धरून बसली होती.

“मास्तर, हवा नरम झाली की तेवढं सांगा,” विणकर मला म्हणाले. “माह्या बोटाईवर आता भरोसा नाई राह्यला.”

“हवा कोरडी हाये, हे मले पापड सांगते,” त्यांची बायको आतून म्हणाली. “सकाळी टाकले अन् दुपारी उचलले.”

“तू चूप राह्य वं. हे सायन्स हाये.”

सुट्या लागल्या तरी फळा चालू ठेवीन, असा शब्द मी त्यांना दिला. आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी पहिला कूलर आला. पत्र्याचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. नुकतंच लग्न झालेलं, खोलीभर वाळ्याचा वास, बाहेर रस्ता तापलेला. तीन वाजता उठणं मला जमेना. खरं सांगायचं तर मी उठलोच नाही. ओल्या ताटीतून येणारा गारवा घेत मी झोपलो आणि तिकडे शाळेत त्याच तत्त्वावर चालणारी चिंधी वाळून गेली.

काही दिवसांनी संध्याकाळी शाळेत गेलो, तेव्हा वाटी कोरडी ठणठणीत होती. दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवत होते. तक्त्याप्रमाणे याचा अर्थ हवेत शंभर टक्के ओल, म्हणजे मे महिन्यात नागपूर धुक्यात बुडालेलं! एवढं खोटं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून जरा बेताचं खोटं लिहिलं. चाळीस. वाटी भरून दहा-पंधरा मिनिटं थांबलो असतो तर खरा आकडा मिळाला असता. मला घरी जायचं होतं. पुढचे दोन दिवसही संध्याकाळी जाऊन असेच अंदाजाचे आकडे लिहून आलो.

तीन दिवस चाळीसच्या आसपासचे आकडे वाचून विणकरांनी बारीक सुताचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, मागावर चढवला.

चौथ्या दिवशी फळ्यापाशी उभा होतो, तर समोरून मागाचा आवाज येत होता. दोन ठोके, मग थांबला. पुन्हा एक ठोका, मग बराच वेळ शांतता. आत डोकावलो. विणकर वाकून तुटलेले धागे जोडत होते.

“मास्तर, तुमची हवा त नरम हाये. मंग माहं सूत काहून तुटून राहिलं?”

मी म्हणालो, “खोलीतली हवा कोरडी असेल.” हे खरं होतं, आणि तरी भित्रेपणाचं होतं. “मी पाणी शिंपडतो.”

शाळेच्या विहिरीवरून मी बादल्या आणल्या. दारा-खिडक्यांना ओली पोती बांधली. पेटीतले दोन्ही थर्मामीटर आणून मागाच्या खोलीत टांगले, चिंधी भिजवली आणि कित्येक दिवसांनी खरा आकडा पाहिला. तो चाळीसच्या निम्मासुद्धा नव्हता. मग रोज सकाळ-दुपार पाणी. थोडक्यात, मी त्या खोलीचा कूलर झालो. हळूहळू आकडा वर सरकला, धागे तुटणं कमी झालं आणि मागाचा ठोका सलग येऊ लागला.

“मास्तर, खड्ड्यात नका सांडू,” विणकरांची बायको म्हणायची. “बेडकं झाले त वरातीत नाचवा लागतीन.”

साडी मागावरून उतरली त्या दिवशी मुलीने ती गालाला लावून पाहिली. मला राहवलं नाही. कूलर, झोप, चाळीसचा आकडा, सगळं सांगून टाकलं.

त्यांची बायको हसायलाच लागली. “सूत तुटाले लागलं ना, त्याच दिवशी मी तुमची पेटी पाहून आली. चिंधी माह्या पापडावानी वाळली होती.”

“मंग सांगतलं काहून नाई?” विणकर म्हणाले.

“सांगतलं असतं त पाणी कोनं भरलं असतं? तुमी?”

विणकर मात्र हसले नाहीत. उठून आत गेले. आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही, असं मला वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवी चिंधी होती.

“घ्या. अन् झोप लागली त लागली मास्तर, मानूसच हाये. पण मंग फळ्यावर तसंच लिवत जा ना.”

मी तसंच लिहू लागलो. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही कित्येक उन्हाळ्यांत आकड्याच्या जागी मधूनमधून तीन शब्द यायचे, ‘आज पाहिले नाही’. ते लिहून खडू ठेवेपर्यंत समोरच्या घरातून विणकरांच्या बायकोचा आवाज यायचा, “अवो, पाहा, मास्तरचा कूलर मस्त चालू हाये वाटते!”