फ्लॅश बंद होता!

फ्लॅश बंद होता. बंद म्हणजे बंद! हे मी मांडवात सांगितलं, दारात सांगितलं, मारुतीच्या पारावर उभी राहून सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नुसतं "असंल, असंल" केलं, आणि त्याचं "असंल" म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

तो किस्सा शेवटी सांगते. कॅमेऱ्याचं कसं आहे, फोटो चांगला आला की लोक बघतात नि विसरतात. फसला की त्याचा किस्सा होतो आणि मग प्रत्येक बारशाला पुन्हा निघतो. माझ्याकडं असे इतके साठलेत की माकणीत मी कुणाच्या ओट्यावर टेकले की बायका आधी हसतात, मग चहा ठेवतात.

कॅमेरा माझ्या लेकीचा. पुण्याला नोकरीला लागली, मोठा मोबाईल घेतला आणि हा साबणाच्या वडीएवढा कॅमेरा मला दिला. माझा दीर दत्तू, भावकीत सगळ्यांत शहाणा तोच, लगेच म्हणाला, "वहिनी, तुमची शाळा चौथी. ह्येच्यावर समदं इंग्रजी हाय. आणा इकडं, माझ्या कपाटात नीट ऱ्हाईल."

"भावजी," मी म्हणलं, "बटनावर चित्रं हायती. वीज म्हंजे फ्लॅश. विजेवर काट मारली की फ्लॅश बंद. घड्याळ म्हंजे जरा दमानं. ह्येला शाळा लागत न्हाय, डोळं लागत्यात!"

तवापासनं त्याची नजर कॅमेऱ्यावर. काही बिघडलं की एकच पालुपद. "कपाट!"

*

पहिला फोटो आमच्या बचत गटाचा. समाजमंदिरात अंधार, म्हणून लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, विजेशेजारी डोळ्याचं चित्र आहे ते लाव, नाहीतर सगळ्यांचे डोळे लाल येतील." लावलं. आता त्यात गंमत अशी की आधी एक लहान लखलखाट होतो आणि मग खरा फ्लॅश पडतो. मला तरी कुठं माहीत होतं!

सगळ्या पदर सावरून, श्वास रोखून बसल्या. तोंडं अशी की जणू कुणाच्या दहाव्याला आल्यात. लखलखाट झाला. "झाला गं बाई फोटो! उठा!" आणि मग पडला खरा फ्लॅश.

फोटो बघितला तर एक अर्धी उठलेली, एक पाठ खाजवतेय, दोघी फोटोपुरतं थांबवलेलं भांडण पुन्हा सुरू करतायत, आणि माझी जाऊ सिंधू, म्हणजे दत्तूची बायको, तिचा हात चिवड्याच्या ताटात मनगटापर्यंत. नीट उभी राहून कॅमेऱ्यात बघणारी एकच. दारातली शेळी!

दत्तू म्हणाला, "कपाट!"

सिंधू म्हणाली, "गप बसा. ह्योच फोटो भिंतीवर लावा. बैठकीत आमी अशाच असतो!"

*

शेजारच्या कविताला बघायला स्थळं यायला लागली. तिची आई फोटो काढायला घेऊन आली आणि दारातूनच सुरू, "आक्का, फ्लॅश एकदम जवळून मारा. पोरगी जरा गोरी दिसू द्या."

जवळून फ्लॅश मारला की तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं येतं, नाक कुठं नि हनुवटी कुठं कळत नाही. मी विजेवर काट मारली आणि कविताला खिडकीपाशी बसवलं.

"आवं, काळी दिसंल की!"

"हाय तशी दिसंल. ज्येला पटंल त्यो यील, न पटंल त्यो आपल्या घरी बसंल. आपुन काय पीठ दाखवून पोरगी देतोय व्हय?"

आई तोंड फुगवून गेली. कविता मात्र दारातून परत आली नि हळूच म्हणाली, "मावशी, त्या पोराकडनं फोटो आलाय, त्यो लई गोरा दिसतोय. त्येला सांगा की फ्लॅश बंद करायला!"

*

माझ्या नवऱ्याबरोबर माझा एकही धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत तो ताठ, मी खाली मान घालून. म्हणलं, घड्याळाचं बटन कशाला आहे मग? सोयाबीनच्या रानात नेलं त्याला, बांधावर घमेलं पालथं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला, बटन दाबलं आणि पळत सुटले त्याच्याशेजारी उभी राहायला.

सरीत पाय अडकला. मी तोंडावर! तेवढ्यात कॅमेऱ्यानं आपलं काम केलं.

फोटोत खाली माझी नुसती पाठ, नि वर नवरा तोंड उघडून हसतोय. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं हसलेला तो मी पहिल्यांदाच बघितला. मी माती झाडत उठले, तर म्हणतोय, "चांगला आला. अजून एकदा पळ की!"

*

मग आली दिवाळी, आणि दत्तूचे जावईबापू पहिल्या सणाला आले. जावई म्हणजे काय विचारू नका. त्यांनी पाणी गोड म्हणलं की विहीर गोड! दत्तूनं तेरखेड्याहून पोतंभर फटाके आणले होते. माझ्या कॅमेऱ्यावर फटाक्याचंसुद्धा चित्र आहे. ते लावलं की फ्लॅश आपोआप बंद होतो आणि कॅमेरा डोळा बराच वेळ उघडा ठेवतो. म्हणून हलू द्यायचा नाही. मी कट्ट्यावर टेकवून बसले होते.

जावई म्हणाले, "काकू, अंधारात फ्लॅशशिवाय फोटो कसा येईल?"

"येतोय, बापू. बघा तर."

"नाही नाही, द्या इकडं." घेतला हातातून, फ्लॅश चालू केला आणि मारला आभाळाकडं. फोटोत काय आलं? पुढं धूर, धुरात दत्तूचे दात, नि मागं काळंकुट्ट. बाण बिण काही नाही!

मी पुन्हा माझं चित्र लावलं, टेकवला, दाबला. आभाळभर फुलं उमटली. सगळं अंगण "आहा!" म्हणालं.

जावयांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "कॅमेरा चांगलाय!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दत्तूनं कोपर मारलं. "वहिनी, जावयाच्या बोलण्यावर बोलायचं नसतंय!"

*

आता तो किस्सा.

दत्तूच्या पोराचं, महेशचं लग्न. दिवस कलायला परण्या निघाला. आमच्याकडं नवरदेव लग्नाआधी घोडीवरून मारुतीला जातो, तो परण्या. पुढं बँड, मधे पांढरी घोडी, घोडीवर महेश, हातात कट्यार, कट्यारीला लिंबू. चालत्या घोडीचा फोटो हलतो म्हणून मी एकावर एक पत्ते ठेवल्यासारखं चित्र लावलं. त्यात बटन दाबून धरलं की कॅमेरा एकामागं एक फोटो काढत सुटतो. आणि त्यात फ्लॅश पेटतच नाही. त्याला मधे दम खायला वेळच मिळत नाही!

मी बटन दाबलं आणि घोडी दोन पायांवर उभी राहिली. मग उधळली ती बँड फोडून थेट मांडवात, आचाऱ्याच्या बुंदीपाशी. महेश तिच्या मानेला लोंबकळत मला ओरडतोय, "मोठी आई, धर गं!" आणि धपकन पत्रावळ्यांच्या ढिगात. घोटा टम्म सुजला. मंगलाष्टकाला लेकरू एका पायावर उभं.

पहिला आवाज जावयांचा. "काकूंच्या फ्लॅशनं बिथरली!" झालं. दत्तूनं भर मांडवात माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि कपाटात घातला. नवरीकडच्या बायका मला बोटानं दाखवायला लागल्या. "घोडी उधळवली ती हीच." पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं डोहाळजेवण, त्याचे फोटो मी काढणार होते. दत्तूनं परस्पर लोहाऱ्याच्या स्टुडिओवाल्याला सांगून टाकलं.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला सगळी भावकी जमली, नवरीकडचेही आले. मी आरती संपायची वाट बघितली आणि मधोमध उभी राहिले.

"भावजी, कपाट उघडा. कॅमेरा टीव्हीला लावा. फ्लॅश दिसला तर कॅमेरा तुमचा, कायमचा. न्हाय दिसला, तर घोडी कुणी उधळवली ते हितं, ह्या समद्यांपुढं बोलायचं. नाव घिऊन!"

"कबूल!" दत्तू म्हणाला. "नाव घिऊन!"

किल्ली सिंधूनं आधीच पदराला बांधून आणली होती. वायर लागली. दत्तू टीव्हीपाशी बटन दाबायला बसला.

पहिला फोटो. घोडी शांत, महेश ऐटीत. फ्लॅशचा मागमूस नाही.

दुसरा. बाजूनं एक हात आलाय, हातात मोबाईल, मोबाईलची बत्ती फक्क पेटलेली, घोडीच्या डोळ्यापासनं वीतभर.

तिसरा. मोबाईलमागं मानाचा गुलाबी फेटा, काळा गॉगल, आणि बत्तीस दात दाखवत जावईबापू.

चौथा. नुसते घोडीचे दोन खूर आणि आभाळ.

जावई एकदम प्रसादाच्या शिऱ्यात काजू शोधायला लागले. सिंधूनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. आणि कोपऱ्यातून माझा नवरा, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं, म्हणाला, "फ्लॅश बंद होता."

दत्तूनं जावयाकडं बघितलं. लेकीकडं बघितलं. मग वायर उपसली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"कॅमेरा ऱ्हाऊ द्या भावजी," मी म्हणलं. "नाव!"

दत्तूनं कपाळ पुसलं. खिशातनं फोन काढला, घोडीवाल्याला लावला, कानाशी धरून हळूच काहीतरी विचारलं, मान हलवली, फोन ठेवला. मग घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मंडळी, वहिनीची काय चूक न्हाय. चूक एकट्या घोडीची. नाव चांदणी!"