सिम कार्डाचे राखणदार

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी आयुष्यात कशावरही पहिल्या खेपेला विश्वास ठेवलेला नाही. सूर्य उगवला असं कोणी सांगितलं, तरी ते आधी गॅलरीत जाऊन बघतील आणि मग विचारतील, "तुला कोणी सांगितलं?" एका बँकेत त्यांनी तीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळल्या. निवृत्तीनंतर चेक यायचे थांबले, पडताळणी थांबली नाही. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. आधार कार्डाची झेरॉक्स काढली की तिच्यावर आडवं 'फक्त गॅसच्या कामासाठी' असं लिहून खाली सही ठोकतात. दुकानदाराकडून बिघडलेली प्रतही मागून आणतात, ती फाडतात आणि अर्धे तुकडे आपल्या कचऱ्यात, अर्धे आमच्या कचऱ्यात टाकतात. उरणहून मासळी घेऊन येणारी मावशी तर त्यांच्या दाराशी टोपली उतरवतानाच हसायला लागते. काकांनी एकदा पापलेटाचे कल्ले तीन वेळा उघडून पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "ताजा हाय काका. का त्याचा आधार कार्ड पन दावू?" काका गंभीरपणे म्हणाले, "असेल तर दाखव."

माझं आणि त्यांचं मात्र जमायचं. मला माणसांशी बोलणं जड जातं. इंग्रजी शाळेत घातल्यामुळे असं झालं, असं आईचं मत आहे, पण मी इंग्रजीतही फार बोलत नाही. काकांना ते आवडायचं. त्यांच्या मते थोडक्यात बोलणाऱ्याला फसवायला वाव कमी मिळतो. शिवाय मी त्यांचं एक गुपित पोटात ठेवलं होतं. गच्चीवरची पाण्याची टाकी खरंच धुतली की नुसती पावती फाडली, हे बघायला ते एकदा वर चढले आणि त्यांची चप्पल टाकीत पडली. सोसायटीने दोन महिने इमारतीतल्या मुलांवर संशय घेतला. मी सगळं पाहिलं होतं. मी काही बोलले नाही.

त्यामुळे मला आयर्लंडमध्ये, कॉर्कला, शिकायला प्रवेश मिळाला, तेव्हा माझं इथलं सिम कार्ड कोणाकडे ठेवायचं, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. माझ्या फोनमध्ये एकच सिम बसतं, ते तिथलं घ्यायचं होतं, आणि इथल्या बँकेचे ओटीपी इथल्याच नंबरवर येणार होते. आईकडे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. 'वीज कापली जाईल' असं फोनवर सांगणाऱ्या एका गोड आवाजाला तिने माझ्यादेखत कार्डाचे आठ आकडे सांगून टाकले होते. काकांनी माझ्या सिमसाठी एक साधा बटणांचा फोन आणला. मग मला समोर बसवून म्हणाले, "आता आवाजसुद्धा बनवतात, चेहरेसुद्धा बनवतात. तू तूच आहेस, हे मला कसं कळणार? टाकीत कोणाची चप्पल पडली होती, असं मी विचारीन. उत्तर देशील तरच पुढचं बोलणं."

कॉर्कला गेल्यावर मला कळलं की तिथे सगळेच काका आहेत. खातं उघडायला बँकेला पत्त्याचं पत्र हवं. पत्त्यासाठी खोली हवी. महिन्याच्या बिलाचं सिम घ्यायला खातं हवं. तीन आठवडे मी एका वसतिगृहाच्या आठ जणींच्या खोलीत राहिले आणि रोज कोणत्या ना कोणत्या काउंटरवर मोठ्याने बोलायला शिकले. शेवटी कॉलेजने एक खोली देऊ केली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अनामत भरायची, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या मुलीला. शनिवारी माझी वसतिगृहातली मुदत संपत होती. मी दुकानातून साधं प्रीपेड सिम घेतलं, अनामतीच्या पानावर भारतातल्या कार्डाचा नंबर भरला आणि काकांना फोन लावला.

त्यांनी तो कापला. परदेशातला अनोळखी नंबर, कापणारच. पुन्हा लावला, पुन्हा कापला. आई सुकापूरच्या शाळेत शिकवत होती, तिचा फोन शाळा सुटेपर्यंत बंद. तिसऱ्यांदा काकांनी उचलला, पण ते बोलेनात. आपलं 'हॅलो' कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून ते कधीच आधी बोलत नाहीत.

"काका, मी बोलतेय. मेसेज आला ना?"

"आला की नाही, हे मी तुला का सांगू?"

"त्यात सहा आकडे आहेत. तेवढे वाचून दाखवा."

"त्यातच लिहिलंय, कोणालाही सांगू नका."

"पण तो मलाच आलाय!"

"असं सगळेच म्हणतात. टाकीत कोणाची चप्पल पडली होती?"

"तुमची. डाव्या पायाची, तपकिरी."

मग काका म्हणाले, "पाय सांगितलास, रंगसुद्धा सांगितलास. आमची मुलगी एवढं बोलत नाही. 'तुमची' म्हणून गप्प बसली असती."

तेवढ्यात त्या ओटीपीची मुदत संपली. मी दुसरा मागवला. बारा वाजायला अकरा मिनिटं होती.

"काका, माझी खोली जाईल हो! प्लीज वाचा ना!" मी ओरडले. वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या दोन मुलींनी वळून पाहिलं.

"बघ, घाई आली. आणि ओरडतेस. आमची मुलगी ओरडत नाही."

तीन आठवड्यांत कमावलेला सगळा आवाज संपला. फोन कानाला लावून मी भिंतीला टेकून उभी राहिले. काकांनीही कापला नाही. त्यांच्या खिडकीबाहेरून भंगारवाल्याची हाक गेली, ती मला स्पष्ट ऐकू आली.

"जेवलीस का?" शेवटी काकांनी विचारलं.

"हं," मी म्हटलं. त्याहून जास्त बोलले असते तर रडले असते.

"हां. आता तू वाटतेस," ते म्हणाले, आणि एकेक आकडा दोनदोनदा वाचला. चार मिनिटं उरली असताना खोली माझी झाली.

पुढे मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खोटी सही खरीपेक्षा नेहमी जास्त नीट असते. तुझी उत्तरं फार नीट होती." माफी वगैरे मागितली नाही. पण त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायला लागला. माझ्या नंबरवर आठवडाभरात आलेले सगळे मेसेज ते वाचून दाखवत. "कर्ज मंजूर झालंय म्हणतात. तू अर्ज केला होतास?" मी नाही म्हणायचे. "वाटलंच मला," म्हणून ते पुढचा वाचायचे, आणि मधेच, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून घेतल्यासारखं, तिथे थंडी किती आहे ते विचारायचे.

मागच्या महिन्यात माझं कॉर्कमधलं खातं उघडलं. कार्ड आलं, महिन्याच्या बिलाचं सिमही मिळालं. रविवारी मी काकांना ते सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे इकडचा ओटीपी आता लागायचा नाही."

"नाही."

"मग हे सिम आईकडे देऊन टाकू?"

"नको," मी म्हटलं. "तुमच्याकडेच चालू ठेवा. बँक म्हणते, ठेवावं लागतं."

बँकेने असं काहीही म्हटलं नव्हतं. मी कधी नव्हे ती एका दमात, न अडखळता बोलले होते. कोणती बँक, कोण म्हणालं, लेखी दिलंय का, हे प्रश्न आता येणार म्हणून मी वाट बघत थांबले.

"हो का," काका म्हणाले. "मग ठेवायला हवं."