ढाल, मशाल आणि फाटकाची कडी

त्या खेळात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, पत्तेही नव्हते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. धाकट्या भावानं हे खूळ कॉलेजातून घरी आणलं आणि नोकरी लागल्यावरही सोडलं नाही. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की अनगोळातल्या आमच्या घरी तो गोष्ट सांगायचा. मी, त्याची बायको आणि आमचे वडील, आप्पा, खेळायचो. भावजय सदलग्याची, माहेरी कन्नड बोलणारी. लढाई पेटली की तिची योद्धी थेट कन्नडात शिव्या द्यायची.

आप्पांना आम्ही बळंच बसवलं होतं. खानापूरच्या लाकूड डेपोत उमर काढलेला माणूस. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात कामातून गेला. डावा पाय ओढत चालतात, काठी उजव्या हातात. वाचा शाबूत होती, पण बोलायचे कमी. डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. म्हणून हा खेळ.

त्यातच फाटकाचं प्रकरण सुरू झालं. रोज सकाळी मी त्यांना बाहेर सोडून फाटक लावून घ्यायचे, आणि ते एकटेच कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला जायचे. परत आले की स्वतः आत पायरीवर बसलेले, आणि काठी फाटकाबाहेर रस्त्यावर आडवी. एक दिवस नाही, रोज. काठी हातातून निसटते आणि यांना भान राहत नाही, असं मी ठरवून टाकलं. दोन-चारदा त्यांच्यावर ओरडले. मग एके दिवशी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मला काळजी वाटली की राग येतो, हा जुना दोष. त्या दिवसापासून आप्पांचा चहा घरातच व्हायला लागला. अर्धा कप तसाच राहायचा.

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी खेळात आप्पांचा शिपाई एका बंद दारापुढे उभा होता. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मशाल, पाठीवर ढाल, आणि मागून अस्वल येत होतं. एका पाळीत एकच काम करता येतं. दार उघडायचं कसं?

भावानं खेळाच्या नियमांच्या पुस्तकातलं सामानाचं प्रकरण काढलं आणि मराठीत सांगायला लागला. कमरेची वस्तू उपसायला वेळ लागत नाही. परत खोचायला मात्र अख्खी पाळी जाते. ढाल चढवायला पाळी, उतरवायला पाळी. आणि हातातली वस्तू खाली टाकायला काहीच लागत नाही.

"टाकणं फुकट आणि नीट ठेवणं महाग? हा कुठला न्याय?" मी म्हणाले. ऑफिसात माझा दिवस सर्क्युलर वाचण्यात जातो, त्यामुळे गचाळ नियम मला लांबून ओळखू येतो. भावजयीनं स्वयंपाकघरातून पातेल्यावरचं झाकण आणि उलथनं आणलं, मोबाईलची बॅटरी लावून तो दातात धरला आणि दार उघडून दाखवायला गेली. झाकण पडलं. भाऊ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. अर्धा तास आमचं हेच चाललं होतं.

"बरोबर लिवलंय," आप्पा म्हणाले.

आम्ही तिघंही थांबलो. एवढ्या आठवड्यांत त्यांनी न विचारता बोलायची ही पहिलीच वेळ.

"खोचायचं म्हंजे जागा बघा, नेम धरा, तोल सांभाळा. टाकायचं म्हंजे निस्ती मूठ सोडायची. हात येकच मोकळा करायचा असंल तर माणूस टाकतंयच की."

"आणि टाकलेली वस्तू?" भावानं विचारलं.

"पडू दे. दार उघडलं न्हवं?"

मला फाटक आठवलं. फाटकाची कडी घट्ट आहे, ती वर उचलून सरकवावी लागते. काठी धरलेल्या हातानं ती सरकणार नाही, आणि दुसरा हात नाही.

"म्हणजे काठी तुम्ही मुद्दाम टाकत होता?"

"व्हय. भितीला टेकवाय गेलो तर मीच कलंडतोय. म्हनून सोडायची. मग फाटकाला धरून आत, भितीला धरून पायरीपातूर."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इच्यारलंस कुठं गं? निस्ती वरडलीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. मला लाज वाटली. महिनाभर मी त्यांना घरात कोंडलं होतं, आणि चूक होती माझी. आप्पा मात्र भावाकडे वळले होते.

"मशाल टाकली. दार उघडतोय. फासा दे."

भावानं त्यांच्या हातात फासा दिला. मी आत जाऊन पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिले. ती पुढे धरली. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. त्यात फासा होता.

त्यांनी मूठ सोडली. फासा चटईवर पडू दिला, आणि किल्ली घेतली.